मुद्रा राक्षसाची, पत्र चाणक्याचे

विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होते. शृंगाराचा आधार न घेता उभे राहिलेले संस्कृत नाटक म्हणून एक, आणि चाणक्याच्या कुटिल नीतीचे दर्शन म्हणून दुसरे. नाटकाच्या नावातच असलेल्या मुद्रेकडे, म्हणजे एका अंगठीकडे, त्या मानाने कमी लक्ष दिले जाते. वास्तविक सगळे कथानक या अंगठीभोवती फिरते. खऱ्या मुद्रेने खोटे पत्र कसे खरे ठरते, हा या नाटकाचा एक गाभ्याचा प्रश्न आहे. हाच प्रश्न गेल्या तीसेक वर्षांत संगणकांच्या जगात पुन्हा उभा राहिला आणि त्यापायी एका देशातल्या लाखो माणसांचा खाजगी पत्रव्यवहार परक्यांपुढे उघडा पडला. प्रस्तुत लेखात आम्ही या दुसऱ्या इतिहासाचा मागोवा घेणार आहोत. तो तंत्रज्ञांचा विषय आहे असे मानून साहित्याच्या अभ्यासकांनी बाजूला ठेवू नये, असे आम्हांला वाटते. कारण संहिता, सही, अस्सल प्रत आणि तोतया हे सारे शब्द आपल्याच अभ्यासक्षेत्रातले आहेत.

१

प्रथम नाटकातला व्यवहार नीट पाहू. नंदांचा अमात्य राक्षस पाटलीपुत्र सोडून जातो तेव्हा आपले कुटुंब चंदनदास या रत्नपारख्या मित्राच्या घरी ठेवतो. चाणक्याचा हेर यमपट दाखवत त्या घरापाशी येतो. एक लहान मूल कुतूहलाने बाहेर डोकावते, आतली स्त्री त्याला घाईघाईने मागे ओढते आणि तिच्या बोटातली अंगठी निसटून उंबरठ्याशी येते. पुरुषाच्या बोटाच्या मापाची, राक्षसाचे नाव कोरलेली ती अंगठी चाणक्याच्या हाती पडते. पुढे चाणक्य एक मजकूर योजतो; पण तो स्वतः लिहीत नाही. राक्षसाचा विश्वासू लेखक शकटदास याच्याकडून, मजकूर कोणाचा हे त्याला कळू न देता, तो लिहवून घेतो. पत्रावर कोणाकडून, कोणाला, हे काहीही नसते. त्यावर राक्षसाची मुद्रा उमटते.

पाचव्या अंकात हे पत्र मलयकेतूच्या हाती लागते तेव्हा तो ते डोळे मिटून खरे मानत नाही, हे लक्षात घ्यायला हवे. तो पडताळणी करतो. शकटदासाचे दुसरे लेखन मागवून अक्षर ताडून पाहतो, मुद्रा पाहतो. अक्षर खरे ठरते आणि मुद्राही खरी ठरते. राक्षसाला स्वतःलाही हे नाकारता येत नाही; त्याला आपल्या मित्राचाच संशय येतो. पडताळणीच्या दोन्ही कसोट्या उत्तम रीतीने पार पडतात आणि निष्कर्ष मात्र साफ चुकतो.

याहून महत्त्वाची घटना त्याआधी, दुसऱ्या अंकात घडलेली असते. चाणक्याचा माणूस सिद्धार्थक हा शकटदासाला वधस्तंभापासून सोडवल्याचे नाटक करून राक्षसाकडे येतो आणि ती अंगठी राक्षसाच्या नजरेस पडेल अशी व्यवस्था करतो. चंदनदासाच्या दाराशी सापडली, असे तो सांगतो. राक्षस अंगठी परत घेतो आणि यापुढे हीच मुद्रा कारभारात वापरावी, असे शकटदासाला सांगतो. काही काळ आपल्या ताब्यात नसलेली मुद्रा मधल्या वेळात कोणी कशावर उमटवली असेल, हा प्रश्न त्याला पडत नाही. ती मुद्रा रद्द करून सर्व मित्रांना तसे कळवावे, हे त्याला सुचत नाही. राक्षसाचा पराभव, आमच्या मते, या क्षणी निश्चित होतो.

२

मराठी वाचकाला मुद्रेची व्यवस्था परकी नाही. शिवकालीन राजपत्रांच्या माथ्यावर शिक्का आणि अखेरीस मोर्तब असे. शिक्का पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले ते सांगे. मोर्तब पत्राची मर्यादा येथे संपली असे सांगे, म्हणजे खाली कोणी चार ओळी वाढवू नयेत. 'शिक्कामोर्तब' हा आजचा शब्द या दोन्हींच्या जोडीतून आलेला आहे. त्यात दोन वेगवेगळ्या चिंता दडलेल्या आहेत: पत्र कोणाचे, आणि ते जसे निघाले तसेच पोचले काय.

दुसऱ्या चिंतेची सर्वांत प्रसिद्ध कथा पुण्याची आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथरावांनी गारद्यांना लिहून दिलेल्या चिठ्ठीत 'धरावे' असे होते आणि आनंदीबाईंनी 'ध' चा 'मा' केला, अशी आख्यायिका आहे. ती इतिहास म्हणून सिद्ध झालेली नाही. पण लोकांनी ती अडीचशे वर्षे जपली आणि तिचा वाक्प्रचार केला, याला अर्थ आहे. मुद्रा शाबूत राहते आणि एका अक्षराने माणूस मरतो, ही भीती त्या वाक्प्रचारात साठलेली आहे. मोर्तब पत्राच्या अखेरीला राखणदार म्हणून उभे असते. मधल्या अक्षरांवर त्याचा पहारा नसतो.

तिसरी चिंता याहून खोल आहे. ही मुद्रा खरोखर त्या माणसाची, हे आपल्याला कोण सांगणार? पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला तेव्हा प्रश्न हाच होता. ओळख पटवणारे साक्षीदार आले. पण साक्षीदारांची साक्ष कोणी द्यावी? संगणकाच्या जगात ही तिसरी चिंताच सर्वांत भारी ठरली.

३

तेथे जाण्यापूर्वी एक फरक स्पष्ट करायला हवा. आपण ज्याला फाइल म्हणतो त्यात दोन जाती आहेत. काही फाइली वाचायच्या असतात: लेख, चित्र, गाणे. काही चालवायच्या असतात. त्यांना एक्झिक्युटेबल म्हणतात. विंडोजवर त्यांच्या नावाअखेर बहुधा 'डॉट ईएक्सई' असे असते. ही फाइल म्हणजे संगणकाला दिलेला हुकूमनामा. आपण तिच्यावर दोनदा क्लिक करतो तेव्हा आपण ती वाचत नाही, तिला आपल्या नावाने वागण्याची मुभा देतो. संगणकाच्या दृष्टीने ती करील ते आपणच केले. आपल्या खात्याला जे जे उघडता येते, पुसता येते, पाठवता येते, ते सारे तिलाही करता येते. प्रशासकाचे अधिकार देण्याविषयीच्या प्रश्नाला आपण 'हो' म्हटले, तर तिची सत्ता साऱ्या यंत्रावर चालते.

४ मे २००० रोजी जगभर पसरलेल्या एका पत्राने हा फरक लोकांना शिकवला. फिलिपिन्समधून निघालेल्या त्या ई-मेलचा विषय 'आय लव्ह यू' असा होता आणि सोबत प्रेमपत्र म्हणून एक फाइल जोडलेली होती. तिच्या नावात साध्या मजकुराचा 'टीएक्सटी' हा प्रत्यय दिसे. त्यापुढचा खरा प्रत्यय विंडोज नेहमीच्या सवयीने लपवून ठेवी. तो प्रत्यय आज्ञावलीचा होता. पत्र उघडणाऱ्याच्या संगणकावरच्या अनेक फाइलींवर ती आज्ञावली स्वतःची प्रत लिही आणि त्याच्या पत्तावहीतल्या सर्वांना स्वतःला पाठवी. म्हणजे पुढच्या माणसाला ते पत्र ओळखीच्या माणसाकडून येई. अनोळखी फाइल उघडू नये, हा उपदेश येथे अपुरा पडला. फाइल अनोळखी होती, पण पाठवणारा ओळखीचा होता.

प्रतिष्ठित नावामुळेही असा धोका टळतोच असे नाही. २००५ साली सोनी बीएमजी या कंपनीच्या संगीताच्या काही सीडी संगणकात घालून अटी मान्य केल्या, की नक्कल रोखण्यासाठी एक प्रोग्राम बसे आणि स्वतःला लपवून घेई. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ३१ ऑक्टोबर २००५ रोजी ते उघडकीस आणले. अशा ५२ सीडी निघाल्या होत्या. त्या प्रोग्रामच्या लपवण्याच्या युक्तीमुळे विशिष्ट अक्षरांनी सुरू होणारी कोणतीही फाइल संगणकाच्या मालकाला दिसेनाशी होई. साहजिकच इतर उपद्रवी प्रोग्रामांनीही त्या आडोशाचा फायदा घेतला. गाणे ऐकायला घेतलेली वस्तू घरात हुकूमनामा घेऊन आली होती.

या फाइली वाचून का पाहू नयेत, असे कोणी विचारील. अडचण अशी, की प्रोग्राम लिहिला जातो माणसाला वाचता येईल अशा संहितेत आणि चालतो तो यंत्राच्या भाषेतल्या रूपांतरात. हे रूपांतर करणाराही एक प्रोग्रामच असतो. केन थॉम्प्सन या संगणकशास्त्रज्ञाने ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेले आणि १९८४ साली छापून आलेले भाषण याच मुद्द्यावर आहे. रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममध्येच असा दोष पेरता येतो, की मूळ संहिता निर्दोष असूनही यंत्ररूपात चोरदार तयार व्हावे, आणि तो दोष पुढच्या प्रत्येक प्रतीत आपोआप उतरावा. संहितेत त्याचा मागमूस राहू नये. हे त्यांनी तेथे दाखवून दिले. पाठचिकित्सा करणाऱ्यांना यातली अडचण लगेच कळेल. येथे लेखनिकाची चूक पोथीत दिसत नाही, ती लेखनिकाच्या हातात असते. अलीकडच्या काळात यावर निघालेला उपायही पाठचिकित्सेसारखाच आहे: एकाच संहितेवरून वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे यंत्ररूप तयार करावे आणि त्या प्रती अक्षरशः जुळतात काय ते पाहावे. पण हे काम जाणकारांच्या मंडळ्यांचे आहे. सामान्य वापरणाऱ्यापुढे प्रश्न उरतो तो कोणाच्या शब्दावर विसंबावे हाच.

४

त्या प्रश्नाला संगणकशास्त्राने दिलेले उत्तर म्हणजे डिजिटल सही आणि सर्टिफिकेट. १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी जोडकिल्ल्यांची कल्पना मांडली. प्रत्येकाजवळ दोन किल्ल्या असाव्यात, एक गुप्त, एक जाहीर. गुप्त किल्लीने केलेली सही जाहीर किल्लीने कोणालाही पडताळता यावी, पण जाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली काढता येऊ नये. सही करताना मजकुराच्या सर्व अक्षरांवरून गणिताने एक ठसा काढतात. एक अक्षर बदलले तरी ठसा पार बदलतो. त्यामुळे 'ध' चा 'मा' झाला, तर सही लगेच मोडते. मोर्तबाला न साधलेला मधल्या अक्षरांवरचा पहारा येथे साधला.

तरीही तिसरी चिंता शिल्लक राहिली: ही जाहीर किल्ली अमक्याचीच, हे कशावरून? १९७८ साली लोरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्याने एमआयटीतल्या पदवीच्या प्रबंधात सुचवले, की एखाद्या विश्वासू संस्थेने किल्ली आणि नाव यांची सांगड घालणारा दाखला लिहावा आणि त्यावर आपली सही करावी. हे सर्टिफिकेट. पुढे १९९० नंतरच्या दशकात वेब आली, व्यापार आला आणि असे दाखले देणे हा धंदा झाला. अशा संस्थांना आम्ही येथे प्रमाणक संस्था म्हणू. त्या संस्थेच्या किल्लीची खात्री कोणी द्यायची? तिच्यावरच्या संस्थेने. त्या वरच्या संस्थेची? कोठेतरी साखळी थांबवावीच लागते. जेथे ती थांबते ते रूट सर्टिफिकेट, मूळ दाखला. त्यावर दुसऱ्या कोणाची साक्ष नसते. स्वतःची सही स्वतःच केलेली असते. तो खरा का? कारण तो आपल्या संगणकातल्या किंवा ब्राउझरमधल्या विश्वासार्ह दाखल्यांच्या यादीत आहे, म्हणून. एवढेच.

या यादीतल्या कोणत्याही एका संस्थेला साधारणपणे कोणत्याही संकेतस्थळाच्या नावाने दाखला देता येतो. म्हणजे यादीतली सर्वांत दुबळी संस्था जेवढी सुरक्षित, तेवढेच आपण सुरक्षित. जानेवारी २००१ मध्ये व्हेरिसाइन या बड्या संस्थेने मायक्रोसॉफ्टच्या नावाचे दोन दाखले एका तोतयाला देऊन टाकले. प्रोग्रामवर सही करण्याचे ते दाखले होते. मार्चमध्ये ही गोष्ट जाहीर झाली. २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या प्रोग्रामचे काही भाग तैवानमधल्या रियलटेक आणि जेमायक्रॉन या दोन नामांकित कंपन्यांच्या चोरलेल्या किल्ल्यांनी सही केलेले होते. शकटदासाचे अक्षर, राक्षसाची मुद्रा आणि मजकूर भलत्याचाच, हा जुना प्रसंग येथे जसाच्या तसा भेटतो.

५

या इतिहासातले सर्वांत जड प्रकरण हॉलंडमधले आहे. डिजिनोटार ही १९९८ साली स्थापन झालेली डच प्रमाणक संस्था नोटरींच्या व्यवसायातून उगवलेली होती. तिच्या नावातच नोटरी आहे. डच सरकारच्या अनेक संकेतस्थळांचे दाखले ती देत असे. २०११ च्या जून-जुलैमध्ये कोणी तिच्या यंत्रणेत शिरले आणि त्याने किमान ५३१ खोटे दाखले काढले. १० जुलै रोजी काढलेला एक दाखला गूगलच्या सर्व पत्त्यांसाठी होता. पुढे फॉक्स-आयटी या संस्थेने चौकशी केली तेव्हा दिसले, की दाखले देणारी यंत्रे एकाच जाळ्यात होती, एका नावाने व एका दुबळ्या पासवर्डाने त्यांपर्यंत पोचता येत होते आणि तपासलेल्या सर्व्हरांवर विषाणुरोधक प्रोग्रामही नव्हता.

आपल्या घरात चोर शिरला हे डिजिनोटारला १९ जुलै रोजी कळले होते. जे खोटे दाखले लक्षात आले ते तिने रद्द केले, पण जगाला सांगितले नाही. गूगलचा दाखला तिच्या नजरेतून सुटला. ऑगस्टभर इराणमधल्या लोकांची जोडणी मधल्यामध्ये अडवून, त्यांना हा खोटा दाखला दाखवून, त्यांचा व्यवहार वाचला गेला. सुमारे ३ लाख वेगवेगळ्या पत्त्यांवरून हा दाखला तपासला गेल्याची नोंद सापडली. त्यांतले बहुतेक सारे इराणमधले होते. २००९ च्या निवडणुकीनंतरची निदर्शने आणि धरपकड त्या देशात ताजी होती. तेथे एखाद्याची ई-मेल परक्याने वाचणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. कुलपाचे चिन्ह सर्वांना दिसत होते. पत्र बंद होते, मुद्रा शाबूत होती.

हे उघडकीस आले ते क्रोम ब्राउझरमुळे. गूगलच्या संकेतस्थळांना दाखला कोणत्या संस्थांकडून येतो हे क्रोमच्या आतच नोंदलेले होते. त्यामुळे तो दाखला पाहून त्याने इशारा दिला आणि ऑगस्टच्या अखेरीस इराणमधल्या एका वापरणाऱ्याने तो जाहीर केला. ३ सप्टेंबर २०११ च्या पहाटे डच मंत्र्यांना पत्रकारांना बोलावून सांगावे लागले, की सरकारी संकेतस्थळांच्या सुरक्षिततेची हमी देता येत नाही. २० सप्टेंबरला डिजिनोटारचे दिवाळे निघाले. चोरी होणे हा तिचा अपराध लहान होता; गमावलेली मुद्रा परत बोटात घालून कारभार चालू ठेवणे हा मोठा होता.

आपल्याकडेही असे घडले आहे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने भारतात प्रमाणक संस्थांवर एक नियंत्रक नेमला आणि त्याचा मूळ दाखला साखळीच्या टोकाशी ठेवला. त्या साखळीत नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटर, म्हणजे एनआयसी, ही सरकारी संस्था होती. २ जुलै २०१४ रोजी गूगलच्या लक्षात आले, की एनआयसीच्या अधिकाराखाली गूगलच्या काही पत्त्यांचे अनधिकृत दाखले निघाले आहेत. दुसऱ्याच दिवशी नियंत्रकांनी एनआयसीचे दाखले रद्द केले. खोटे दाखले चारच होते असे त्यांच्याकडून सांगण्यात आले. त्याखेरीज आणखी असल्याचे आपल्याला ठाऊक आहे, असे गूगलने म्हटले आणि भारतीय मूळ दाखल्याचा अधिकार आपल्या ब्राउझरमध्ये मोजक्या भारतीय पत्त्यांपुरता मर्यादित केला. फायरफॉक्सच्या यादीत तो मूळ दाखला नव्हताच, त्यामुळे त्या वापरणाऱ्यांना धोका नव्हता. एकच दाखला एका यादीत खरा आणि दुसरीत अनोळखी, हे येथे ध्यानात ठेवावे.

या साऱ्या प्रकरणांतून एक चांगली गोष्ट निघाली. २०१३ पासून दाखल्यांची जाहीर नोंदवही ठेवण्याची पद्धत आकाराला आली आणि २०१८ पासून क्रोमने ती नव्या दाखल्यांना सक्तीची केली. दाखला दिला, की तो चावडीवर लावायचा. ज्याच्या नावाचा असेल त्याला तो पाहता यावा. खोटा दाखला काढणे त्यामुळे अशक्य झाले नाही, तरी तो लपवून वापरणे फार कठीण झाले.

६

आता या विषयाच्या मर्माकडे येऊ. डिजिनोटारला कोणी तरी फोडावे लागले होते. पण विश्वासाच्या यादीत एखादा मूळ दाखला वापरणाऱ्यानेच, किंवा त्याच्या नावाने एखाद्या प्रोग्रामने, आपल्या हाताने घातला तर? मग काहीच फोडावे लागत नाही. त्या दाखल्याच्या मालकाला बँकेच्या, ई-मेलच्या, कोणत्याही संकेतस्थळाच्या नावाने दाखले तयार करता येतात आणि आपला ब्राउझर ते मुकाट मानतो. चावडीवरच्या नोंदीची सक्ती अशा घरगुती दाखल्यांना ब्राउझर करीत नाहीत, कारण घरमालकाने आपण होऊन आणलेल्या पाहुण्याला ते हटकत नाहीत. अनोळखी एक्झिक्युटेबल आणि परका मूळ दाखला हे म्हणूनच एका धोक्याचे दोन भाग मानावे लागतात. पहिला आत शिरतो आणि दुसऱ्याला आसन मांडून देतो.

२०१४ च्या उत्तरार्धात विकल्या गेलेल्या लेनोवो कंपनीच्या काही लॅपटॉपांत सुपरफिश नावाचा प्रोग्राम आधीच बसवलेला होता. वाचकाच्या पानांत जाहिराती घुसवणे एवढाच त्याचा हेतू. पण कुलूपबंद पानांतही त्या घुसवता याव्यात म्हणून त्याने प्रत्येक यंत्रात स्वतःचा मूळ दाखला बसवला. आणि सर्व यंत्रांत गुप्त किल्ली एकच ठेवली. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका सुरक्षातज्ज्ञाने काही तासांत त्या किल्लीचा पासवर्ड काढला. तो होता 'कोमोडिया', म्हणजे हे तंत्र पुरवणाऱ्या कंपनीचेच नाव. त्या दिवसापासून ज्याच्याजवळ ती किल्ली त्याला, उदाहरणार्थ एखाद्या उपाहारगृहाच्या वायफायवर, त्या लॅपटॉपवाल्यांपुढे कोणत्याही बँकेचा तोतया उभा करता येणार होता. प्रोग्राम काढून टाकला तरी मूळ दाखला यादीत तसाच राहत असे. जाहिरात दाखवणाऱ्याला कोणाची पत्रे वाचायची नव्हती, हे खरे मानले तरी त्याने चंदनदासाच्या उंबरठ्यावर अंगठी टाकून ठेवलीच.

दुसरे उदाहरण कझाकस्तानचे. २०१५ च्या अखेरीस एकदा घोषणा होऊन बारगळलेली योजना जुलै २०१९ मध्ये राजधानीत प्रत्यक्षात आली. मोबाइल कंपन्यांनी ग्राहकांना एक सरकारी मूळ दाखला आपापल्या यंत्रांत बसवायला सांगितले. कारण दिले गेले ते नागरिकांच्या सुरक्षिततेचे. अभ्यासकांनी तपासले तेव्हा ३७ पत्त्यांची जोडणी अडवली जात असल्याचे दिसले. त्यांत समाजमाध्यमे आणि संवादाची साधने प्रामुख्याने होती. ऑगस्टमध्ये सरकारने ही चाचणी होती असे सांगून ती थांबवली. २१ ऑगस्ट रोजी गूगल, मोझिला आणि अॅपल यांनी तो दाखला आपल्या ब्राउझरांत अमान्य केला. डिसेंबर २०२० मध्ये तोच प्रयोग पुन्हा झाला आणि पुन्हा तसाच अडवला गेला. या प्रकरणाचे वैशिष्ट्य असे, की येथे चोरी नव्हती, फसवी सही नव्हती. प्रत्येकाने स्वतः दाखला बसवावा, अशी अपेक्षा होती. सत्तेलाही नागरिकाच्या 'हो'ची गरज पडली, यात त्या 'हो'ची किंमत दिसते.

७

याचा आपल्याशी संबंध काय? मराठीत लिहिणाऱ्यांच्या संगणकावर अनोळखी एक्झिक्युटेबल येण्याची वाट फार जुनी आणि फार निरागस आहे. ती टंकलेखनाची वाट आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी फॉन्ट आणि त्यांचे इन्स्टॉलर पेनड्राइव्हवरून विभागा-विभागांत फिरत. ते कोठून आले हे कोणाला ठाऊक नसे. पुढे गूगलने विंडोजवरचे आपले ऑफलाइन टंकलेखनाचे साधन काढून घेतले, तरी त्याच्या म्हणून सांगितलेल्या प्रती इतरत्र मिळत राहिल्या. वस्तुतः विंडोज १० च्या २०१९ मधल्या आवृत्तीपासून मराठीचा उच्चारानुसारी कळफलक आतच मिळतो. बाहेरून काही आणावे लागत नाही.

दाखल्यांचा अनुभवही आपल्याला आहे, फक्त त्याला आपण ते नाव देत नाही. आधारची पीडीएफ उघडली, की सहीच्या जागी पुष्कळदा प्रश्नचिन्ह दिसते. सही खोटी आहे असा त्याचा अर्थ नव्हे. त्या सहीची साखळी आपल्या वाचक-प्रोग्रामच्या यादीत नाही, एवढाच अर्थ. ते प्रश्नचिन्ह जाऊन हिरवी खूण यावी म्हणून दुकानात बसलेला मुलगा चार ठिकाणी क्लिक करतो, ते त्या साखळीला विश्वासाच्या यादीत घेणे असते. कार्यालयांच्या आणि शिक्षणसंस्थांच्या काही जाळ्यांवर इंटरनेट मिळण्यासाठी संस्थेचा मूळ दाखला बसवायला सांगतात. संस्थेच्या मालकीच्या यंत्रावर तिला तसे करण्याची कारणे असू शकतात. पण तो दाखला आपल्या स्वतःच्या फोनमध्ये गेला, तर त्या जाळ्यावर असताना आपला खाजगी व्यवहारही वाचण्याची क्षमता त्या संस्थेच्या हाती जाते. ती क्षमता वापरली जाईलच असे नाही. पण ज्याला मान्यता द्यायची, त्याने निदान आपण काय देत आहोत हे समजून द्यावे.

म्हणून काही प्रश्न आम्हांला विचारावेसे वाटतात. ही फाइल तिच्या कर्त्याच्या जागेवरून आली, की कोणाच्या तरी प्रतीवरून? तिच्यावर सही आहे काय आणि ती कोणाच्या नावाची आहे? हा दाखला एका कागदाची ओळख पटवण्यापुरता मागितला आहे, की साऱ्या यंत्राने तो मूळ म्हणून मानावा असे मागणे आहे? गुप्त किल्ली कोणाजवळ राहणार? काम संपल्यावर तो यादीतून काढायचा कसा? या प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील, तर 'नाही' म्हणावे. आणि मागणारा अधिकारी किंवा ओळखीचा असेल तर तेच प्रश्न त्यालाही विचारावेत. 'आय लव्ह यू'चे पत्र ओळखीच्यांकडूनच आले होते.

साहित्याच्या विद्यार्थ्याला अस्सल कागद आणि बनावट कागद यांतला भेद शिकवताना आपण शाई, कागद, वळण, शिक्का यांच्या कसोट्या सांगतो. त्या कसोट्या मलयकेतूलाही ठाऊक होत्या. त्यांना जोडून आणखी एक प्रश्न शिकवायला हवा: हा शिक्का मधल्या काळात कोणाच्या हातात होता? 'मुद्राराक्षस' पुढच्या वेळी वाचताना दुसऱ्या अंकातला तो अंगठी परत घेण्याचा प्रसंग विद्यार्थ्यांनी सावकाश वाचावा, असे आम्ही सुचवू. रंगभूमीवर तो क्षणभरात निघून जातो आणि राक्षसासारख्या बुद्धिमान अमात्यालाही त्यात वावगे काही दिसत नाही.